अन्वरभाईंची त्रेचाळीस मिनिटं

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढेही नाही — देवापुढे हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून घेतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मराठीत सांगतोय. आमच्या माळव्यातल्या देवासात मराठी आता देवघरात, रुखवताच्या याद्यांत आणि म्हाताऱ्यांच्या भांडणात तेवढी उरली आहे. माझा मुलगा ती बोलतो बऱ्यापैकी, पण वाचायला दिली की दुसऱ्या ओळीला जांभई देतो. तरी मी मराठीत लिहितोय. मातृभाषेत माणूस खरं बोलतो असं म्हणतात ना?

बघू या.

मी लग्नांचे व्हिडिओ काढतो. तीसेक वर्षं झाली. या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. लग्नाच्या व्हिडिओत तुम्हाला जे ऐकू येतं, त्यातलं काहीही त्या लग्नात कोणी बोललेलं नसतं. शूटिंग घरी आणलं की आमचं पहिलं काम म्हणजे आवाज बंद करणं. मामा जेवणावरून कुरकुरतोय, आत्या मुलीच्या कानात काहीतरी सांगून रडतेय, गुरुजी कोणाला तरी जरा गप्प बसा म्हणताहेत — ते सगळं पुसायचं आणि वर गाणी घालायची. लोकांनाही तेच हवं असतं. आपल्याच माणसांचं बोलणं पुन्हा ऐकायची कोणाची तयारी नसते. इतकी वर्षं हे केल्यावर बोटाला सवय लागते. माणूस बोलताना दिसला की बोट आपोआप आवाज बंद करायच्या बटणाकडे जातं.

हे मी बचाव म्हणून सांगत नाही. म्हणजे — सांगायचा विचार होता. पण नको.

अन्वरभाई साफे बांधायचे. घरात आम्ही फेटा म्हणतो, पण गावात साफा. वरात निघायच्या आधी तासभर त्यांच्यापुढे पुरुषांची रांग लागायची. ते माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरायचे, जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरवून बघायचे, आणि मगच कापडाला हात घालायचे. त्यांचे पणजोबा दरबारात पगड्या बांधायचे आणि माझे पणजोबा त्याच दरबारच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. म्हणजे त्यांचं घराणं डोक्याचं आणि आमचं बुडाचं. हा विनोद त्यांचाच, आणि दर लग्नात तो एकदा तरी व्हायचाच. माझ्या लग्नात माझा साफाही त्यांनीच बांधला, आणि बांधता बांधता हाच विनोद माझ्या सासऱ्यांना ऐकवला.

अजून एक नातं होतं. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून आई ताजियाला नवस बोलली होती, की हे मूल जगलं तर पाच वर्षं मोहरमात त्याला फकीर करीन. असं पुष्कळ घरांत व्हायचं तेव्हा. मला हिरवा सदरा घालायचे, आणि अन्वरभाईंचे वडील माझ्या गळ्यात लाल-पिवळा नाडा बांधायचे. मग झोळी घेऊन पाच घरी भीक मागायची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे अन्वरभाई माझा हात धरून पुढे चालायचे आणि प्रत्येक दारात माझ्यासाठी तेच बोलायचे, कारण मी लाजायचो. जे धान्य मिळायचं ते त्यांच्याकडे शिजायचं आणि दोन्ही घरं ते खायची. आई शेवटपर्यंत म्हणायची, तू जगलास तो त्या नाड्यावर.

मोठं झाल्यावर आम्ही एकत्र पिक्चर बघायचो. स्टेशनाकडच्या टॉकीजमध्ये. बाहेर पडलो की घरापर्यंत संवाद म्हणत यायचो — ते हिरो, मी व्हिलन, आणि चौकात आलो की अदलाबदल. तेव्हा पिक्चरमध्ये सगळे भरभरून बोलायचे. बाप मुलाशी, चोर पोलिसाशी, आणि मोहल्ल्यातले एक चाचा असायचे ते सगळ्यांशीच. आता पिक्चरमध्ये माणसं नुसती बघतात आणि धुरातून चालत येतात. त्या चाचांना तर बोलायला कोणी काही देतच नाही. असलेच तर मरतात, नाहीतर मारतात. मला याचं वाईट वाटतं, असं मी पुष्कळदा चारचौघांत म्हटलेलं आहे. चारचौघांत मी छान बोलतो.

आता यादीचं सांगतो.

काही वर्षांपूर्वी, लग्नसराईच्या तोंडावर, आमच्या ओळखीपाळखीतल्या एका ग्रुपवर मोबाईलवर एक यादी आली. दोन रकाने. लग्नात काम कोणाला द्यावं आणि कोणाला देऊ नये. देऊ नये त्या रकान्यात तिसरं नाव अन्वरभाईंचं होतं. आणि द्यावं त्यात, व्हिडिओवाल्यांत, पहिलं नाव माझं. यादी कोणी केली ते मला माहीत नाही. मी काय केलं ते माहीत आहे. मी यादीखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. सगळ्यांनीच टाकलं होतं. पण सगळ्यांच्या गळ्यात त्या घरचा नाडा नव्हता बांधलेला.

मी त्यांच्याकडे गेलो नाही. काय बोलणार होतो? रस्त्यात भेटायचो. पूर्वी भेट म्हणजे अर्धा तास ठरलेला. राजकारण आधीच सुटलं होतं, मग सणांचं बोलणं सुटलं, मग लग्नांचं — कारण त्यांना बोलावणारी लग्नंच उरली नव्हती. शेवटी 'और?' आणि 'बस, बढिया' एवढं राहिलं. दोघांनाही कळत होतं की काहीच बढिया नाही. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

त्याच वर्षी इंदूरच्या एका संस्थेनं लघुपटांची स्पर्धा ठेवली. विषय — सलोखा. मला आयुष्यभर हौस होती, की लग्नं सोडून एकदा खरं काहीतरी करावं. आणि माझ्या डोक्यात अन्वरभाईच आले. त्यांचे हात, ते कापड. खरं सांगू? मला वाटलं, यादीचं थोडं प्रायश्चित्तही होऊन जाईल. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "बोलना पड़ेगा?" मी म्हटलं, तुम्हालाच बोलायचंय. एवढं ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

दुपारची वेळ होती. त्यांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. आवाज स्वच्छ यावा म्हणून भाभींनी पंखा बंद केला, कुकरसुद्धा चढवला नाही. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून अन्वरभाई पालथ्या घातलेल्या कळशीवर साफा बांधत बोलत होते. घामानं निथळत होते, पण थांबले नाहीत. त्रेचाळीस मिनिटं. पणजोबांचं बोलले, डोक्याचं आणि बुडाचं बोलले, कोणत्या घराण्यात साफ्याचा कोणता पेच चालतो ते बोलले. मग माझ्या फकिरीचं बोलले. कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाले, ये जो खड़े हें ना मशीन के पीछे, ये हमारे घर के फकीर हें. मग सहज बोलावं तसं यादीचं बोलले.

ते शब्द मला पाठ आहेत; त्यातला भिया म्हणजे मी. "वो लिस्ट मेरे को भी दिखाई किसी ने. भिया ने भी देखी होगी, इनके ग्रुप में आई थी. मैंने सोचा, आएँगे. दो-तीन दिन चाय का पानी चढ़ा के रखा. नी आए, कोई बात नी. पन एक बार पूछ तो लेते मेरे से, के अन्वर, तू केसा आदमी हे."

त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी ते कापायला बसलो. माझ्या मुलाचं लग्न तेव्हा ठरत होतं, सोयरे कन्नौदचे, आणि त्यांच्यातले दोघं त्याच ग्रुपवर होते. ही सबब मी स्वतःला वर्षानुवर्षं दिली आहे. पण मला कोणी धमकी दिली नव्हती. कोणी फोन केला नव्हता. कापायला कोणी सांगितलंच नव्हतं — हे तुम्ही नीट ऐका, कारण पुढे लोकांनी 'दबाव असेल बिचाऱ्यावर' असं गृहीत धरलं असतं तर मी ते धरू दिलं असतं. मी आधी फक्त यादीचं वाक्य काढलं. मग फकिरीचं. मग लक्षात आलं, की उरलेलं प्रत्येक वाक्य तिथंच जातंय. त्यांच्या बोलण्यातून मला वगळून काही उरतच नव्हतं. आणि मग बोट गेलं, सवयीनं. आवाज बंद. सगळा. वर बासरी घातली.

चौदा मिनिटांची फिल्म. एक माणूस कळशीवर साफा बांधतोय, त्याचे ओठ हलताहेत, आणि बासरी वाजतेय.

स्पर्धेतल्या निवडक फिल्मा देवासातच एका हॉलमध्ये दाखवल्या. अन्वरभाई आधीच येऊन तिसऱ्या रांगेत बसले होते. भाभी होत्या. मुलगी रुखसार धारहून नवऱ्याला आणि सासूला घेऊन आली होती. शेजारपाजारचे आठ-दहा जण होते. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं — आज मैं बोलूँगा. मला हे आधी माहीत नव्हतं. माहीत असतं तर काही बदललं असतं का? नाही. काहीही बदललं नसतं.

मी मागे, दरवाज्याजवळ उभा राहिलो. बासरी सुरू झाली. ते खुर्चीत थोडे पुढे सरकले, आता आवाज येईल म्हणून. पाच मिनिटं झाली, सात झाली. त्यांनी एकदा कानाला हात लावला. स्वतःच्याच कानात काही बिघाड आहे का, ते बघत असावेत. मग टेकून बसले. फिल्म संपली तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांत एक प्राध्यापक होते, ते म्हणाले, आज सिनेमात बडबड फार झाली आहे, या फिल्ममध्ये एकही संवाद नाही आणि हेच तिचं मोठेपण. दोन समाजांत संवाद नाही, हे दिग्दर्शकानं संवाद न वापरता दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला माइक दिला. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, जिथं शब्द संपतात तिथं सिनेमा सुरू होतो. हे मी घरून पाठ करून गेलो होतो.

नंतर बाहेर चहा होता. अन्वरभाई कप घेऊन माझ्याजवळ आले. हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "भिया, मेरी आवाज नी आई?"

मी म्हटलं, कार्ड खराब हो गया था, अन्वरभाई. आवाज उड़ गई.

ते म्हणाले, "तो बुला लेते. अपन फिर से बोल देते."

  खरंच, कार्ड खराब झालं असतं तर माणूस काय करील? जाऊन परत बोलावील. दोन गल्ल्या पलीकडे तर घर. माझं खोटं त्यांना तिथल्या तिथं कळलं असणार. ते काही भोळे नव्हते. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि वळून आपल्या माणसांना मोठ्यानं सांगितलं, मशीन में खराबी आ गई थी, भिया क्या करें. मला वाचवलं. चारचौघांत, मी न मागता. लहानपणी दारोदार माझ्या वतीनं बोलायचे ना, तसं.

मुलाच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना स्वतः जाऊन दिली. साफ्यांचं काम दिलं नाही. म्हटलं, सोयऱ्यांनी तयार साफे मागवलेत. ते आले, जेवले. जाताना मुलाच्या डोक्यावरचा साफा कलला होता तो दोन्ही हातांनी सरळ केला आणि निघून गेले. तेवढं माझ्या व्हिडिओत आहे. वर गाणं घातलेलं आहे.

पुढच्या वर्षी ते दोघं धारला मुलीकडे राहायला गेले. देवासात काम उरलं नव्हतं. मी एकदाच गेलो, सगळं सांगून टाकायचं असं ठरवून. धारला वारांनाही धर्म आहे — एकाच जागी मंगळवारी पूजा, शुक्रवारी नमाज. मी मुद्दाम बुधवार धरून गेलो, कोणाचाच नसलेला. त्यांच्या खोलीत टीव्हीवर आमच्या काळचं एक पिक्चर लागलं होतं. आम्ही बघत बसलो. मग तो प्रसंग आला, जो आम्ही रस्ताभर म्हणत यायचो. अन्वरभाईंनी हसून माझ्याकडे पाहिलं आणि हिरोची ओळ म्हटली. आता माझी ओळ होती. ते वाट बघत होते. मला ती आठवली नाही असं मी डोकं हलवून दाखवलं. आठवली होती, शब्द न् शब्द. पण ती एक ओळ तोंडातून निघाली असती, तर तिच्या मागोमाग बाकीचंही निघालं असतं, आणि ते मला नको होतं. चहा पिऊन मी बस धरली.

या हिवाळ्यात ते गेले. मी मातीला गेलो नाही. बागलीला लग्नाचं काम होतं, आणि नसतं तरी गेलो नसतो. रुखसारला मोबाईलवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तेच चित्र.

चाळिसावा झाल्यावर तिचा फोन आला. ती मला लहानपणापासून काका म्हणते, आमच्या घरात ऐकून शिकलेली. म्हणाली, अब्बांकडे शेवटपर्यंत साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे त्यांचा आवाज कुठेच नाही. फोटो पुष्कळ आहेत. आवाज नाही. तिचा धाकटा विचारतो, नाना कसे बोलायचे. मग तिनं विचारलं, "काका, आपके पास अब्बा की आवाज होगी कहीं?"

या वेळी कोणती सबब होती? यादी जुनी झाली. मुलाचं लग्न होऊन गेलं, नातू झाला. सोयरे विसरले. कोणाचं भय नव्हतं. एका बापाचा आवाज मुलीला द्यायचा होता, एवढंच. पण दिला तर कळलं असतं, की तो उडालाच नव्हता. आणि ऐकला तर यादीचं कळलं असतं, चहाच्या पाण्याचं कळलं असतं. मी म्हटलं, "नहीं बेटा, वो कार्ड तो तभी खराब हो गया था."

ती म्हणाली, "हाँ. अब्बा भी यही कहते थे."

तर हा माझा गुन्हा. पहिल्यांदा मी त्यांचा आवाज घाबरून बंद केला. दुसऱ्यांदा — तेव्हा घाबरायलाही काही नव्हतं. फक्त माझं चांगलं नाव होतं, जे तसंही कोणी विचारत नाही.

आवाज आहे. माझ्या कपाटात, हार्ड डिस्कमध्ये. मुलाच्या हाती लागू नये म्हणून 'कन्नौद हळद' या नावानं ठेवला आहे. आणि आता मघाशी मी जे मातृभाषेचं म्हटलं, तेही खोटं होतं, ते परत घेतो. हे मी मराठीत लिहिलं, कारण रुखसारला 'काका' या शब्दापलीकडे मराठी येत नाही. माझा मुलगा दोन ओळींपुढे जाणार नाही. हिंदीत लिहिलं असतं तर हे धारला पोचलं असतं. मी नीट विचार करून भाषा निवडली आहे.

घरात कोणी नसलं की कधीकधी ऐकतो. त्रेचाळीस मिनिटं. शेवटी ते गाठ मारतात, कळशीवरचा हात काढतात आणि विचारतात, "सब आ गया ना, भिया?" आणि माझा आवाज येतो, अगदी स्पष्ट, "सब आ गया, अन्वरभाई." मग भाभी पंखा सुरू करतात.